सतरा नंबरची बाटली

१

मंगळवारी दुपारी दोनच्या सुमाराला यादीचं कपाट सताड उघडं सापडलं. टेबलावर पाकीट पडलं होतं, त्यावरची लाख फोडलेली होती आणि आत काहीच नव्हतं.

त्या पाकिटात एकच कागद असायचा. त्यावर चाळीस आकडे आणि प्रत्येक आकड्यापुढे एक शब्द, 'खरं' किंवा 'मुकं'. वरच्या वॉर्डात चाळीस रोगी होते, सगळ्यांची मूत्रपिंडं हळूहळू निकामी होत चाललेली. निम्म्यांना आमच्या संशोधक बाईंचं नवं औषध मिळत होतं आणि निम्म्यांना मुकं. मुकं म्हणजे दिसायला तसंच, चवीला तसंच कडू, पण औषध नसलेलं पाणी. कोणाला काय मिळतंय हे रोग्याला ठाऊक नाही, नर्सला नाही, खुद्द बाईंनाही नाही. सहा महिन्यांनी पाकीट फोडायचं आणि बरी झालेली माणसं कोणत्या रांगेत उभी आहेत ते बघायचं. त्याआधी कोणी यादी बघितली, की सगळं मातीमोल. ज्याला माहीत असतं तो नकळत एका रोग्याची विचारपूस जास्त करतो, आणि तेवढंही पुरतं.

तीन महिने झाले होते. बाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. हिवतापावरचं त्यांचं औषध चाळीस वर्षांपूर्वीचं, सांधे आखडण्याच्या रोगावरचं त्यानंतरचं. हे तिसरं. चौथं होणार नाही हे त्यांनाही माहीत होतं आणि जिना चढताना त्या तसं बोलूनही दाखवायच्या.

मी या संस्थेत काच धुतो. चव्वेचाळीस वर्षं धुतोय, म्हणून मला काचोबा म्हणतात. खरं नाव पगारपत्रकात असेल. त्या दुपारी मी जेवून धुण्याच्या खोलीत परतलो तर ओट्यावर चिनीमातीची एक मूस ठेवलेली. मूस म्हणजे वस्तू जाळून राख करायची वाटी. कोणीतरी विसळून ठेवली होती, पण तळाशी घोटभर पाणी तसंच. मी चरफडलो, पाणी मोरीत ओतलं, मूस पालथी घातली आणि कामाला लागलो. पाण्यात काळे कण होते. इथे रोज काही ना काही जळतंच.

साहेबांनी, म्हणजे आमच्या संचालकांनी, वर बोलावलं तेव्हा वाटलं, पुन्हा कुणी काहीतरी फोडलं.

"काचोबा, पोलीस नकोत मला," साहेब म्हणाले. "बाई म्हणतात, हरवलेलं बूच शोधायचं तर काचोबाला सांगा. तर हे शोधा. उद्या बाराला समिती बसतेय. तोवर दुसरं नाव मिळालं नाही तर ताईंना जावं लागेल."

"वॉर्डच्या नर्सताईंना? त्यांनाच का?"

"किल्ल्या तीन. एक बाईंकडे, एक हिशेबवाल्या पूर्णांकाकडे, एक ताईंकडे. बाई आपल्याच पायावर धोंडा कशाला पाडून घेतील? पूर्णांकाने यादी स्वतःच्या हाताने केली, तो ती चोरून काय वाचणार? राहिलं कोण?" साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. "आणि सतरा नंबरचा रोगी कोण आहे, ते माहितेय ना?"

माहीत होतं. सतरा नंबर म्हणजे ताईंची सख्खी भाची.

२

ताई आपलं कपाट रिकामं करत होत्या. एकोणतीस वर्षांचा संसार एका पिशवीत मावत होता.

"तुम्हीपण आलात का चौकशीला? बसा. दुपारपासून सगळे उभ्याउभ्या विचारतायत, तुम्ही निदान बसून विचारा."

मी स्टुलावर बसलो. गुडघे कटकटले.

"तेल घाला त्यांना," ताई म्हणाल्या.

"जेवणाच्या सुट्टीत कुठे होतात?"

"इथेच. बारा नंबरला उलटी झाली, चादर बदलत होते. पण बारा नंबर गुंगीत होता, तो काय साक्ष देणार?"

"ताई, भाचीला खरं मिळतंय की मुकं, हे जाणून घ्यावंसं कधी वाटलं नाही?"

त्यांनी तांब्यातलं पाणी पेल्यात घेतलं, सावकाश प्यायल्या, पेला विसळला आणि ताटात पालथा घातला. "काचोबा, तुम्ही कोणाच्या बाजूचे?"

"मी काचेच्या."

त्या जरा हसल्या. मग हसू गेलं. "यादी मी घेतली नाही. यापुढे काही विचारू नका. विचारलंत तर खोटं बोलावं लागेल, आणि आता मला त्याचाही कंटाळा आलाय."

मी उठलो. तेव्हा माझं लक्ष फरशीवर गेलं. पूर्वेच्या खिडकीखाली चार पांढुरके चौकोन होते, टेबलाच्या पायांचे. औषध ओतायचं टेबल वर्षानुवर्षं तिथेच असायचं. आता ते आतल्या कोपऱ्यात होतं, चादरींच्या कपाटाला टेकून, एका मिणमिणत्या दिव्याखाली.

"हे कधी हलवलं?"

"बारा दिवस झाले. बाईंनी सांगितलं. उन्हात औषध बिघडतं म्हणे. आणि हल्लीच तर तिथे ऊन यायला लागलंय, महिनाभरापासून." ताई माझ्याकडे बघत नव्हत्या.

दाराशी सतरा नंबरची खाट. भाची बावीस-तेवीस वर्षांची असेल. तोंड सुजलेलं, डोळे बारीक झालेले, पण जीभ शाबूत.

"काका, मावशीने खरंच चोरी केली का हो? करायचीच होती तर काहीतरी कामाचं चोरायचं. एखादी चांगली उशी तरी."

"तुझी मावशी चोर दिसते का?"

"नाही." तिने चादर हनुवटीपर्यंत ओढली. "पण हल्ली औषध देताना ती माझ्याकडे बघतच नाही. पेला देते आणि भिंतीकडे बघते. माझं काही चुकलं का?"

मी तिची उशी सारखी केली आणि निघालो. जिना उतरताना मधल्या पायरीवर मी थांबलो. उन्हात औषध बिघडतं? दोन वर्षं गच्चीवर पांढऱ्या काचेच्या सहा बाटल्या उभ्या होत्या याच औषधाच्या, ऊन लागावं म्हणूनच ठेवलेल्या. त्या वर नेणारा मी आणि खाली आणणारा मी. बाईंनीच मला अडतिसाव्या वर्षी बाटल्यांच्या चिठ्ठ्यांवरून अक्षरं शिकवली होती, आणि त्या बाटल्यांवर त्यांनी काय लिहिलं ते मी स्वतः वाचलं होतं. 'उन्हाने काही होत नाही.'

म्हणजे बाई ताईंशी खोटं बोलल्या होत्या.

३

पूर्णांक आकड्यांचा माणूस. कोणत्या रोग्याला काय द्यायचं त्याच्या चिठ्ठ्या त्याने पिशवीतून काढलेल्या, सहा महिन्यांच्या भरलेल्या बाटल्यांवर आकडेही सुरुवातीलाच त्यानेच डकवलेले, यादी त्याची, शेवटचा हिशेब त्याचाच आणि समितीचा चिटणीसही तोच. साडेतीन वाजलेत असं तो कधी म्हणत नाही, तीन वाजून तीस मिनिटं म्हणतो, म्हणून हे नाव. तीस वर्षं तो बाईंसमोर बसून डबा खात आलाय. लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायचा, उदाहरण मोठं आहे, वेळ लागेल.

मी गेलो तेव्हा तो चहा पीत होता. टेबलावर कागदांचा ढीग, आणि एका घडी घातलेल्या कागदातून हिरव्या शाईची एक ओळ डोकावत होती. त्याने फूटपट्टी उचलून त्या कागदावर ठेवली, जशी माणसं वाऱ्याने कागद उडू नयेत म्हणून ठेवतात. खिडकी बंद होती.

"मला विचारायला आलात?" तो म्हणाला. "अहो, ती यादी माझी. मी ती चोरायची म्हणजे स्वतःच्याच खिशात हात घालून पाकीट मारल्यासारखं झालं."

"तेच साहेब म्हणाले."

"माणूस यादी घेतो ती बघायला. मला त्यात काय बघायचंय?"

त्याने कप कोपऱ्यातल्या नळाखाली धरला, विसळला आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. तळाशी पाणी राहिलं होतं. माझा हात आपोआप पुढे गेला आणि मी तो पालथा घातला.

"सवय," मी म्हटलं.

"असू दे. मला अजून लागली नाही."

मी दाराशी वळलो. "उद्या ताईंना काढतायत."

फळ्यावर तो काहीतरी लिहीत होता. खडू थांबला. "कोण म्हणालं?"

"साहेब. भाची आहे ना सतरा नंबरला."

"पुरावा नाही," पूर्णांक फळ्याकडे तोंड ठेवूनच म्हणाला. "पुराव्याशिवाय कसं काढतील? समिती काय ते बघेल." पण खडू पुढे चालेना. तो त्याच्या बोटांत मोडला आणि अर्धा तुकडा माझ्या पायाशी येऊन पडला.

घरी जाताना त्याचा एकच शब्द माझ्या डोक्यात घोळत राहिला. 'बघायला.' बघायचीच असती तर लाख कशाला फोडायची? या इमारतीत वाफेची डझनभर भांडी आहेत. पाकीट वाफेवर धरावं, उघडावं, वाचावं, परत चिकटवावं, वर नवी लाख ओतावी. कोणाला पत्ता लागला नसता. या चोराने कपाट उघडं टाकलं आणि रिकामं पाकीट टेबलाच्या मधोमध मांडून ठेवलं. त्याला यादी नको होती. यादी चोरीला गेली हे सगळ्यांना कळायला हवं होतं.

४

बुधवारी मी साडेसातला कामावर गेलो. वॉर्डातून आठवड्याच्या रिकाम्या बाटल्या आल्या होत्या, चाळीसच्या चाळीस. तपकिरी काच, वर आकडा. प्रत्येकीच्या तळाशी चमचाभर उरलेलं असतं. रोजच्या सवयीने मी पहिली बाटली मोरीवर उपडी करणार, एवढ्यात टेबलाचे ते चार पांढुरके चौकोन आठवले.

खोलीची खिडकी पूर्वेची आहे. ऊन ओट्यावर आलेलं होतं. मी स्वच्छ काचनळ्या उभ्या करायची घोडी पुढे ओढली आणि एकेका बाटलीतलं उरलेलं एकेका नळीत ओतलं. पहिली नळी, पाण्यासारखी. दुसरी, पाण्यासारखी. तिसरी नळी उन्हात गेली आणि पाण्याच्या वरच्या कडेला निळी झाक आली. आकाशासारखी नाही, त्याहून फिकट, धुरासारखी. सावलीत नेली की गायब. उन्हात धरली की परत.

हे निळं मी ओळखत होतो. हिवतापाच्या दिवसांत बाई शिकाऊ पोरांसमोर कोयनेलचं, म्हणजे क्विनाइनचं, आंबट पाणी खिडकीत धरायच्या आणि विचारायच्या, सांगा, ही शाई कोणी टाकली? शाई नसायची. कोयनेल ऊन पितं आणि निळं परत देतं. पोरांची तोंडं उघडी राहायची.

मुक्या औषधाला कडवटपणासाठी काय घातलं असेल, हे आता विचारायची गरज नव्हती. तीन महिने मी ते निळं तपकिरी बाटलीतून थेट मोरीत ओतत आलो होतो आणि एकदाही बघितलं नव्हतं.

सगळ्या नळ्या भरल्या. वीस निळ्या, वीस कोऱ्या. यादी जळो नाहीतर पळो, उन्हाने ती माझ्या ओट्यावर मांडून ठेवली.

मग मी सतरावी नळी उचलली. ती निळी होती.

मी स्टुलावर बसलो. ताई रोज सकाळी खिडकीत उभं राहून चाळीस पेले ओततात. महिनाभरापासून तिथे ऊन येतंय. त्यांना दिसलं नसेल असं होणंच शक्य नाही. कोणाची सूज उतरतेय आणि कोणाची नाही हेही त्यांनाच आधी दिसतं. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवायला आकड्यांचा माणूस लागत नाही. म्हणजे ताईंना यादी चोरायची गरजच नव्हती, त्यांना यादी पाठ होती. आणि साहेब म्हणत होते तसं भाचीसाठीच काही करायचं असतं, तर त्यांनी बाटली बदलली असती. औषधांच्या कपाटाची किल्ली त्यांच्याकडेच होती, भरलेल्या बाटल्या दोन पावलांवर होत्या. तरी सतरा नंबरची बाटली आजही निळीच होती.

ताई सुटल्या. पण मग टेबल हलवणाऱ्या बाईंचं काय? सतराव्या नळीला बूच लावलं, ती खिशात घातली आणि मी वर निघालो. चव्वेचाळीस वर्षांत बाईंच्या खोलीचा जिना मला इतका उंच कधी वाटला नव्हता.

५

बाई खुर्चीत बसल्या होत्या, पाय दुसऱ्या खुर्चीवर. मी नळी खिडकीतल्या उन्हात धरली. 

त्यांनी बराच वेळ तिच्याकडे बघितलं. "ही शाई कोणी टाकली?" त्या म्हणाल्या, आणि डोळे मिटले.

"बाई, कोयनेलच का?"

"कडू म्हटलं की माझा हात तिकडेच जातो, काचोबा. वीस वर्षं काढली त्याच्याबरोबर. दोन्हीची चव सारखी लागायला हवी होती, आणि ती मी इतकी बरोबर जमवली की स्वतःवरच खूश झाले. बाटल्या तपकिरी. कोणीतरी ते पेल्यात ओतेल आणि पेल्यावर ऊन पडेल, हे डोक्यातच आलं नाही. पहिल्या वर्षाच्या पोराने ही चूक केली असती तर मी त्याला वर्गाबाहेर काढलं असतं."

"तुम्हाला ताईंनी सांगितलं?"

"बारा दिवसांपूर्वी. 'बाई, काही पेल्यांत निळसर का दिसतं?' एवढंच विचारलं. सतरा नंबरचं नाव काढलं नाही. मी म्हटलं, टेबल आत घ्या, ऊन लागतंय." त्यांनी पाय खाली घेतले. "त्या 'बरं' म्हणाल्या आणि स्वतः टेबल ओढायला लागल्या. मी खोटं बोलतेय हे त्यांना कळलं होतं. मला कळलंय हेही त्यांना कळलं होतं."

"आणि यादी?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं, आणि पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. "तुम्हाला वाटतं यादी मी घेतली?"

"मला काही वाटत नाही. मी विचारतोय."

"यादी कशाला घेऊ? सोमवारी मी सगळं लिहून दिलंय. चाचणी फुकट गेली, मुकं औषध ओळखू येतं, चूक सर्वस्वी माझी. अकरा दिवस ते पत्र लिहीत होते, रोज लिहायचं आणि रोज फाडायचं. आज बाराला समितीत ते वाचतील. म्हणून तर काल साहेबांपुढे मी गप्प बसले. पत्र वाचल्यावर यादीला किंमत राहणार नाही, आणि ताईंवर कोणी बोट ठेवणार नाही, असं धरून चालले होते. तरी चोर मिळाला तर बरं, म्हणून तुमचं नाव सुचवलं."

"पत्र कोणाकडे दिलंत, बाई?"

त्यांनी सांगितलं. पण टेबलावरचं हिरव्या शाईचं पेन मला दिसतच होतं, आणि तीच हिरवी ओळ काल मी एका फूटपट्टीखाली जाताना बघितली होती.

६

अकरा वाजता मी पूर्णांकाच्या खोलीत गेलो. हातात कालची मूस होती. नळाखाली धरली, घोटभर पाणी ठेवलं आणि त्याच्यासमोर ठेवली, तोंड वर करून.

"ही काल अशी ठेवली होती," मी म्हटलं.

तो मुशीकडे बघत राहिला.

"इथे धुतलेलं भांडं असं कोणी ठेवत नाही. बाई ठेवणार नाहीत. ताई पाण्याचा पेलासुद्धा पालथा घालतात. किल्लीवाली तीन माणसं, त्यातली दोन गेली. तुम्ही कागद जाळलात, राख झाडून टाकलीत, भांडं विसळूनही ठेवलंत. दुसऱ्याच्या खोलीत पसारा नको म्हणून. पण पालथं घालायचं तुम्हाला माहीत नव्हतं."

"तीस वर्षं या इमारतीत आहे," तो हळूच म्हणाला. "एक पेला धुतला नाही कधी."

"बाईंचं पत्र सोमवारी तुमच्या हातात आलं. मंगळवारी यादी गेली."

पूर्णांकाने फूटपट्टी बाजूला केली. खाली पत्र होतं, चार घड्यांचं. "हे वाचलं असतं तर उद्यापासून लोक काय म्हणाले असते? म्हातारी झाली. विसरली. तीन औषधं, चाळीस वर्षं, आणि शेवटची ओळ ही. चोरी झाली तरी चाचणी बंद पडणारच होती. रोग्यांचं नुकसान तेवढंच. फक्त बाईंना कोणी काही म्हणालं नसतं. मी सगळ्या बाजूंनी मोजलं होतं."

"आणि ताई?"

"ताई मोजल्या नव्हत्या." तो फळ्याकडे बघत म्हणाला. "चोर सापडणारच नाही असं धरलं होतं. न सापडलेल्या चोराला काय शिक्षा करणार?"

"पण ताईंना काढणार हे तर काल मीच सांगितलं तुम्हाला. रात्र गेली मध्ये."

त्याने फूटपट्टी उचलली आणि परत खाली ठेवली. मी जोर केला नाही. मी फार दमलो होतो आणि तो माझ्याहून जास्त दमलेला दिसत होता.

"मी बाराला सांगेन," अखेर मी म्हटलं. "त्याआधी तुम्ही सांगितलंत तर मला बोलावं लागणार नाही."

त्याने घड्याळाकडे बघितलं. "अकरा वाजून वीस मिनिटं," तो म्हणाला, आणि पत्राच्या घड्या हाताने सपाट करू लागला.

७

समितीत पाच जण होते. बाई खिडकीजवळ बसल्या होत्या. ताई दाराशी, पिशवी मांडीवर. मी भिंतीला टेकून.

साहेबांनी सुरुवात करायच्या आत पूर्णांक उठला. पत्र त्यानेच वाचलं, हिरव्या शाईतलं, एकही शब्द न गाळता. मग खाली बसायच्या ऐवजी तो म्हणाला, "यादी मी जाळली. किल्ली माझी, काडी माझी. ताईंचा काही संबंध नाही." आणि का जाळली तेही सांगितलं, दोन वाक्यांत, मान खाली घालून.

 मग बाई बोलल्या, चिडून नाही, नुसत्या.

"तीस वर्षं माझ्यासमोर बसून जेवलात. चूक माझी होती हो. ती तरी माझ्याकडे ठेवायची."

पूर्णांक बसला. 

साहेब ताईंकडे वळले. त्यांचा चेहरा उतरला होता. "तुम्हाला ठाऊक होतं? कोणाला काय मिळतंय ते?"

"हो. महिनाभर."

"भाचीला मुकं मिळतंय हेही?"

"हो."

"मग सांगितलं का नाही? काल मी तुम्हाला नको ते बोललो, तेव्हा तरी?"

"सांगितलं असतं तर बाईंची चूक माझ्या तोंडून बाहेर पडली असती. बाईंना मी एकदा विचारलं होतं. पुढचं त्यांनी बोलायचं होतं."

बाईंनी मान खाली घातली.

"आणि बाटली?" समितीतला एक म्हातारा वैद्य म्हणाला. त्याला ते कोडं सुटत नव्हतं. "किल्ली तुमच्याकडे. खऱ्या औषधाची बाटली दोन हातांवर. पोटच्या पोरीसारखी भाची. बदलली का नाहीत?"

ताईंनी पिशवीचे बंद बोटांभोवती गुंडाळले आणि सोडले. "बाटल्या मोजून भरलेल्या होत्या. मी बदलली असती तर दुसऱ्या कोणाची तरी भाची निळं प्याली असती."

त्यानंतरचं काम अर्ध्या तासात आटपलं. चाचणी रद्द. नवी चाचणी पुढच्या वर्षी, नवे रोगी, कडवटपणाला दुसरं काहीतरी, आणि यादी करायला दुसरा माणूस. पूर्णांकाने राजीनामा लिहिला, त्यावर तारीख आणि वेळही घातली, मिनिटांसकट.

"मुकं घेणाऱ्या वीस जणांचं काय?" साहेबांनी विचारलं. "खरं द्यायचं? औषध लागू पडतं हे तर सिद्ध झालेलं नाही."

"नाही झालं," बाई म्हणाल्या. "माझ्या हयातीत होईल असंही आता वाटत नाही. पण सिद्ध करायचं होतं म्हणूनच त्यांना ताटकळत ठेवलं होतं. आता कोणत्या तोंडाने ठेवायचं? रोग्यांना सगळं सांगा, झालेली चूक धरून. ज्यांना हवं त्यांना द्या."

"यादी जळली. ते वीस कोण, हे कसं कळणार?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी खिशातून सतरावी नळी काढली आणि खिडकीत धरली. पाचही माणसं खुर्च्या सोडून उठली.

गुरुवारी सकाळी मी वॉर्डात गेलो, टेबल हलवायला. ताईंनी एक बाजू धरली, मी दुसरी. चारी पाय जुन्या पांढुरक्या चौकोनांवर बरोबर बसले.

"गुडघ्यांना तेल घातलंत का?" ताईंनी विचारलं.

"वेळ कुठे होता?"

त्यांनी नव्या बाटलीचं बूच काढलं. वर सतराचा आकडा नव्याने चिकटवलेला होता. मापाच्या पेल्यात ओतलं आणि पेला उन्हात धरला. किती तरी वेळ धरला.

"मावशी, काय बघतेस एवढं?" खाटेवरून भाचीने विचारलं.

"काही नाही," ताई म्हणाल्या. पेल्यात खरंच काही दिसत नव्हतं. ऊन आरपार जात होतं.

त्या खाटेपाशी गेल्या, पेला दिला, आणि ती पिऊन होईपर्यंत तिच्याकडेच बघत राहिल्या. भाचीने तोंड वेडंवाकडं केलं. "तेवढंच कडू आहे गं. काही फरक नाही."

"कळेल," ताई म्हणाल्या. "सावकाश कळेल." त्यांनी पेला घेतला, विसळला आणि पालथा घातला.